करंगळीला मुंग्या आणि एफझीचं हँडल

मागच्या हिवाळ्यापासून एक भानगड सुरू झाली होती. ड्युटीवरून घरी आलो, गाडी स्टँडवर लावली, खिशातून चावी काढली की कुलपात घालेपर्यंत ती हातातून पडायची. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोन बोटं जणू माझी नाहीतच, नुसत्या मुंग्या. हात झटकला की पाच मिनिटांत परत जागेवर. मी म्हटलं थंडी आहे, हातमोजे पातळ आहेत, होते असं. मग मार्च लागला, थंडी गेली, मुंग्या काही गेल्या नाहीत.

माझं घर नागपुरात मानेवाड्याला आणि नोकरी बुटीबोरी एमआयडीसीत, म्हणजे जाऊन-येऊन साठेक किलोमीटर रोजचे. बायको म्हणाली शुगर चेक करा. केली, नॉर्मल निघाली. मग हाडाच्या डॉक्टरकडे गेलो आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कोणती बोटं? मी सांगितलं. म्हणे अंगठा, तर्जनी, मधलं बोट असतं तर मनगटात मधली नस दबते, ज्याला कार्पल टनेल म्हणतात ते. करंगळी म्हणजे अल्नर नस. कोपर टेबलाच्या काठाला आदळलं की जी झणझण करंगळीपर्यंत जाते ना, तीच ही नस, कोपरातून येते आणि तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्याखालून बोटांत जाते. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले गाडी चालवता तसे हात धरा. मी हवेतच हँडल धरलं, पुढं वाकून, मनगटं मोडून, कोपरं ताठ. ते दोन सेकंद पाहत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही हँडल धरत नाही भाऊ, तुम्ही हँडलवर उभे राहता." गोळ्या लिहून दिल्या, पण जाताना म्हणाले आधी गाडी पहा.

आता गाडीबद्दल. २०१२ ची यामाहाची एफझी, सेकंडहँड. आधीचा मालक कॉलेजचा पोट्टा, त्यानं कंपनीचं हँडल काढून एकदम सरळ, आखूड, खाली बसलेलं हँडल लावलं होतं, दिसायला भारी. मी घेतली तेव्हा मलाही भारी वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सायलेन्सर मात्र मी आठवड्यातच बदलून टाकला, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगी नसलेल्या बदलाला एकेका बदलामागं पाच हजाराचा दंड आहे आणि तो फटफटणारा आवाज ऐकून चौकाचौकात हवालदार मान वळवून पाहायचे. हँडलकडे कोणाचं लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

सरळ हँडलचं काय चुकतं ते घरबसल्या पाहता येते. एक पेन्सिल मुठीत घट्ट धरा, मनगट अजिबात न वाकवता, आणि हात समोर करा. पेन्सिल हाताशी काटकोनात राहत नाही, तिरकी राहते, अंगठ्याकडचं टोक पुढं आणि करंगळीकडचं मागं. आपली मूठच तशी बनली आहे. म्हणून बहुतेक गाड्यांच्या हँडलची टोकं थोडी मागं वळलेली असतात. पाइप एकदम सरळ असला की मूठ त्याला जुळवून घेते आणि किंमत मनगट देते. वर हँडल खाली, म्हणजे छातीचं वजन तळहातांवर. आणि वर आपले रस्ते.

नागपुरात सिमेंट रोड झाले, खड्डे कमी झाले, हे खरंच आहे, मी काही त्यांच्या विरोधात नाही. पण सिमेंट वाळताना आकसते आणि वाटेल तिथं तडे जाऊ नयेत म्हणून साधारण साडेचार मीटरवर आडवा काप मारून ठेवतात. मानेवाडा चौकातून रिंग रोडनं छत्रपती चौकापर्यंत असे शेकड्यानं सांधे. ताशी ४५ नं गेलो तर सेकंदाला साडेबारा मीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन. टक टक टक टक. सगळे जाणवत नाहीत, पण जिथं एक स्लॅब दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली बसलाय तिथं सरळ तळहातात हातोडी. आणि हे सगळं वर्धा रोडला लागायच्या आधीच.

तर मी गेलो हँडल बदलायला, आणि इथं पहिली चूक केली. मला वाटलं खाली आहे म्हणून दुखते, तर जेवढं वर तेवढं चांगलं. एका गॅरेजवाल्यानं मस्त उंच, रुंद हँडल दाखवलं, जुन्यापेक्षा वीतभर तरी वर, बसून पाहिलं तर राजासारखं वाटलं, पाठ एकदम सरळ. वीस मिनिटांत लावून दिलं. मी चहा पीत होतो, त्यानं काय केलं ते पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती चौकात सिग्नल सुटला, मी डावीकडे बुटीबोरीच्या दिशेला वळायला हँडल वळवलं आणि गाडीनं आपल्या मनानंच रेस घेतली. मी ऍक्सिलेटर दिला नव्हता. समोर ऑटो होता, ब्रेक दाबला म्हणून वाचलो, ऑटोवाल्यानं मागं वळून माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. साइडला लावून पाहिलं तर समजलं, हँडल उंच झालं पण ऍक्सिलेटरची वायर तीच, जुन्या आखूड हँडलच्या मापाची, ताणलेली. डावीकडे वळवलं की उजवी मूठ पुढं जाते, वायर ओढली जाते, कार्बोरेटर उघडतो आणि रेस वाढते. तिकडे डिस्कचा पाइपही असा ताणलेला की अजून जरा वळवलं असतं तर काय झालं असतं देव जाणे. त्या दिवशी मी बुटीबोरीपर्यंत कसा गेलो आणि कसा आलो ते मलाच माहीत, दर वळणावर क्लच दाबून.

शिवाय आराम म्हणाल तर तोही नाही. मनगटं मोकळी झाली हे खरं, पण तळहातांवरचं सगळं वजन आता माकडहाडावर, आणि वर्धा रोडवर खापरीच्या पुढं सत्तरच्या स्पीडला वारा छातीवर असा आदळतो की हँडल धरून आपण लटकलोय असं वाटते. म्हणजे हाताचं दुखणं कंबरेत नेऊन ठेवलं, त्याचे पैसे दिले वरून.

त्या गॅरेजवाल्याशी भांडायला गेलो नाही. त्याच्याकडे रांगेत आठ गाड्या उभ्या असतात, तो माझ्या मनगटाचा कोन कुठं पाहत बसणार. पण एक ठरवलं, आता जे करायचं ते आपण करायचं, रविवारी, घरच्या अंगणात, घाई न करता.

पहिलं काम म्हणजे काही विकत न घेता माप काढणं. उंच हँडल काढून जुनं सरळच परत लावलं, कारण निदान त्याला वायरी पुरत होत्या. आणि मग झाडूची काठी घेतली. खराट्याची नाही, लांब पोछ्याची असते ती. गाडी मेन स्टँडवर उभी केली, सीटवर नेहमी बसतो तसा बसलो, पाय फूटरेस्टवर, डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि हात समोर जिथं आपोआप आले तिथं काठी धरली. कोपरात थोडा वाक, ताठ नाही. बायकोला सांगितलं, बाजूनं फोटो काढ. तिनं काढला आणि विचारलं, "तुम्ही नेमकं काय चालवून राहिले?" शेजारचे काका गेटवरून पाहत होते, त्यांनी काही विचारलं नाही, हे जास्त लागलं.

दहा वेळा केलं, दहाही वेळा काठी थोड्याफार फरकानं त्याच जागी. जुन्या हँडलच्या मुठीपासून टेपनं मोजलं तर साधारण सहा सेंटीमीटर वर आणि पाच सेंटीमीटर मागं. बस. वीतभर वगैरे काही नाही. रुंदी जुन्याची ६६ होती, मला ७२ च्या आसपास बरं वाटत होतं. जास्त रुंद असलं की गाडी वळवायला हलकी पडते खरी, पण कोपरं बाहेर येतात, आणि सीताबर्डीत दोन ऑटोच्या मधून काढताना आधी हँडल मोजावं लागते. कंपनीचं ओरिजिनल का नाही, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो, गल्लीतल्या एका पोट्ट्याच्या एफझीवर बसून पाहिलं, सरळ हँडलपेक्षा बरं होतं पण माझ्या लांबोडक्या अंगाला अजून थोडं मागं पाहिजे होतं.

आणि हो, हे सगळं करायच्या आधी एक फुकटचा उपाय आहे जो मला कोणी सांगितला नाही. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट ढिले करून आहे तेच हँडल दोन-चार अंश मागं फिरवून पहा, आणि क्लच-ब्रेकचे लिव्हर खाली-वर फिरवून पहा. बसल्यावर बोटं लिव्हरवर ठेवली की हात, मनगट आणि बोटं एका रेषेत आली पाहिजेत, मनगट वर मोडलेलं नको. अर्ध्या लोकांचं काम एवढ्यातच होऊन जाईल. माझं मात्र, पाइप सरळसोट होता म्हणून, झालं नाही, सरळ पाइप कितीही फिरवा, सरळच राहते.

सीए रोडला तीन-चार दुकानं फिरलो. विचारायचं काय तेही आता माहीत होतं. मुठीकडचा पाइप २२ एमएम, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना हाच असतो. मधे क्लॅम्पात जाडी तपासायची, कारण जाड हँडल म्हणून जे येतात ते मधे २८ एमएमच्या वर असतात आणि साध्या क्लॅम्पात बसतच नाहीत. क्लॅम्प जिथं पकडते तिथं पाइपावर खरखरीत दातरे पाहिजेत, गुळगुळीत असला की खड्ड्यात हँडल फिरेल. दुकानदार ऍल्युमिनियमचं रंगीत दाखवत होता, मी साधं लोखंडी काळं घेतलं, साडेसातशेला. मी खिशातून काठीच्या मापाचा कागद काढला तेव्हा तो आधी हसला, मग टेप घेऊन स्वतःच मोजायला लागला.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहालाच अंगणात बसलो. नागपूरचा एप्रिल, नऊ वाजेपर्यंत जे होईल ते आपलं, पुढचं सूर्यदेवाचं. टाकीवर जुनी सतरंजी दुमडून टाकली, ही अजिबात विसरू नका, कारण पाना टाकीवर पडतोच पडतो, आणि डिस्क ऑइलचा थेंब पडला तर रंग खाऊन टाकते. पडलाच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं, नुसतं पुसायचं नाही.

काही उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढले. कोणती वायर कशाच्या समोरून जाते, कशाच्या मागून, टाय कुठं बांधली. नंतर हेच फोटो कामात आले, कारण काढताना सगळं सोपं वाटते आणि लावताना चार वायरी हातात घेऊन माणूस शून्यात पाहत बसतो.

आधी टोकाचे वजनी गोळे. हे शोभेचे नसतात, पाइपाची थरथर कमी करायला असतात. डावा निघाला, उजव्याचा स्क्रू असा जाम की पेचकस घसरून डोकं गोल व्हायला लागलं. मग नीट बसणारा मोठा बिट घेऊन त्यावर हातोडीचे दोन टोले दिले आणि सगळं वजन टाकून फिरवला, कड्डकन आवाज आला, मला वाटलं तुटला, पण निघाला. मग ग्रिप. डावी ग्रिप आतून चिकटवलेली असते, बारीक पेचकस आत सरकवून साबणाचं पाणी सोडलं आणि पिळत पिळत काढली. उजवी ऍक्सिलेटरच्या प्लास्टिक नळीवर असते म्हणून तिचं भोक मोठं असते. नवीन ग्रिपची जोडी घेताना दोन्ही सारख्या नसतात हे लक्षात ठेवा, मी डावी उजवीकडे घालायला अर्धा तास झगडलो आहे.

ब्रेकच्या डब्याचं, ज्यात डिस्क ऑइल असते, मात्र जपून. क्लॅम्प सोडला की डबा पाइपाच्या आधारानं लटकू द्यायचा नाही आणि उलटा तर अजिबातच होऊ द्यायचा नाही, आत हवा शिरली की ब्रेक स्पंजसारखा होते आणि मग ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढत बसा. मी तो सुतळीनं आरशाच्या दांड्याला बांधून सरळ उभा ठेवला. नंतर लक्षात आलं की आरसाही काढायचाच आहे. मग बाबांना बोलावलं, ते डबा हातात धरून खुर्चीवर बसले, पेपर वाचायचा राहिला म्हणून कुरकुरत. "काऊन रे, हँडल तं होतं ना गाडीले?" एवढंच म्हणाले.

जुनं हँडल निघालं, नवीन क्लॅम्पात ठेवलं, चार बोल्ट नुसते हातानं फिरवून लावले. इथपर्यंत मी फार खूश होतो, आठ वाजले होते.

मग आडवी आली एक खुंटी. स्विचच्या डब्याच्या आत एक छोटीशी प्लास्टिकची खुंटी असते आणि ती हँडलला असलेल्या भोकात बसते, म्हणजे स्विच पाइपावर गरगर फिरू नये. बाजारातल्या हँडलला बरेचदा हे भोक नसतेच. काही लोक खुंटीच घासून टाकतात आणि डबा नुसता आवळतात. मला ते पटलं नाही, ऐनवेळी हॉर्न शोधायला अंगठा जाईल आणि स्विच खाली फिरलेला असेल. म्हणून भोक पाडायचं. टोकाजवळच्या भोकाची फार चिंता नाही, कारण हँडलवर जोर दिला की सगळा ताण क्लॅम्पच्या आसपास येतो, तिथं मात्र चुकूनही ड्रिल लावायचं नाही.

मी जुन्या हँडलवर टोकापासून भोकापर्यंत मोजलं, नवीन हँडलवर तेवढंच मोजून खूण केली, सेंटर पंचनं ठोका मारला, आधी तीनचा ड्रिल, मग मोठा. सुंदर भोक पडलं. स्विच बसवला, ग्रिप घालून पाहिली, तर ग्रिप आणि टोकाचा गोळा यांच्यामधे सहा एमएमची फट. का? कारण नवीन हँडलच्या आत गोळ्यासाठी आटेच नव्हते, म्हणून मी फुगणाऱ्या रबराचे वेगळे गोळे आणले होते, आणि त्यांची कड जुन्यासारखी ग्रिपवर चढत नाही. मापं बरोबर होती, फक्त वेगळ्या हँडलची होती. आधी सगळं नुसतं अडकवून, गाडीवर बसून, लिव्हर बोटांना जुळवून मग स्विचची जागा ठरवायची आणि सगळ्यात शेवटी भोक, हे मला तेव्हा समजलं जेव्हा भोक पाडून झालं होतं.

दुसरं भोक सहा एमएम शेजारी पाडलं तर दोघांचं मिळून लांबट खिडकी व्हायला आली. मग स्विचचा डबा पाइपाभोवती थोडा पुढं फिरवला, तशी नवीन जागा मिळाली आणि खरं सांगायचं तर अंगठ्याला तीच जास्त बरी निघाली. जुन्या भोकावर आतूनबाहेरून काळी टेप मारली, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून. वरून ग्रिपची कड येते, दिसत नाही. मला माहीत आहे ना पण.

दहा वाजले, ऊन अंगणात उतरलं. पाना फरशीवर राहिला होता, उचलला आणि तसाच फेकला, तळहातावर आडवी लाल रेघ. बाबा ब्रेकचा डबा घेऊन सावलीत सरकले, पाइप पुरत नव्हता म्हणून गाडीही त्यांच्या मागं सरकवावी लागली.

मग आवळाआवळी. बऱ्याच गाड्यांना हँडलवर एक बारीक ठिपका असतो, तो क्लॅम्पच्या फटीशी जुळवायचा. बाजारच्या हँडलला नसतो, म्हणून डोळ्यानं आणि बसून जुळवलं. पुढचे दोन बोल्ट आधी, मग मागचे, आणि मागं थोडी फट राहिली तर राहू द्यायची, ती मिटवायच्या नादात जोर लावला की क्लॅम्पच्या आट्यांचा जीव जातो. तुमच्या गाडीचा क्रम मॅन्युअलमधे पहा, सगळ्यांचा सारखा नसतो. आठ एमएमच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागते, मी कंपनीतल्या एका मित्राचा टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा, आणला होता. आपला अंदाज किती खोटा असतो ते तेव्हा कळलं, जे मी "बस झालं" म्हणत होतो ते निम्म्यावरही नव्हतं. ब्रेकच्या डब्याच्या क्लॅम्पवर "अप" कोरलेलं असते, ते वर, आणि आधी वरचा बोल्ट मग खालचा.

वायरी या वेळी पुरल्या, कारण सहा सेंटीमीटरच वर होतो. तरी क्लचची वायर हेडलाइटच्या पुढून जात होती ती मागून काढली, तेवढ्यानं पुरेशी सैल झाली. लिव्हरच्या टोकाला एक ते दोन सेंटीमीटर रिकामी चाल ठेवली. ऍक्सिलेटरला दोन ते सहा एमएम. मूठ फिरवून सोडली की आपोआप टपकन परत आली पाहिजे, आळसावून परत येत असेल तर तशी गाडी गेटबाहेर काढायची नाही.

आणि मग ते, जे त्या गॅरेजवाल्यानं केलं नव्हतं. गाडी चालू करून न्यूट्रलवर, हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, चार-पाच वेळा, कान देऊन. रेस जराही वाढली तर वायर ताणली जाते. वाढली नाही. पूर्ण वळवल्यावर मूठ टाकीला लागते का, अंगठा चिमटीत सापडतो का, पाइप कुठं घासते का. मग पुढचं चाक गुडघ्यात धरून दोन्ही मुठींवर पूर्ण वजन टाकलं, हँडल क्लॅम्पात सरकलं नाही. हॉर्न, इंडिकेटर, दोन्ही ब्रेकांना ब्रेक लाइट लागतो का, इंजिन बंद करायचा किल स्विच. सगळं झालं.

ग्रिप मात्र सगळ्यात शेवटी लावली आणि लावून गाडी रात्रभर तशीच ठेवली. मेकॅनिक लोक पाइपाला पेट्रोल पुसून ग्रिप सरकवतात, ते उडून जाते आणि रबर धरून बसते. मी बायकोचा हेअर स्प्रे वापरला. साबणाचं पाणी लावताना वापरू नका, ते आत राहते आणि भर रस्त्यात डावी ग्रिप हातात घेऊन बसाल.

सोमवारी सकाळी निघालो. पहिले दोन किलोमीटर विचित्र वाटलं, गाडी दुसऱ्याची वाटते तसं. बुटीबोरीला पोहोचेपर्यंत लक्षात आलं की मनगटं ठीक आहेत पण उजवा खांदा थोडा वर उचलला जातोय. संध्याकाळी घरी आल्यावर क्लॅम्प ढिले करून एक-दोन अंश खाली फिरवलं. दुसऱ्या दिवशी बरं, पण क्लचचा लिव्हर आता वर वाटायला लागला, तो खाली केला. असं आठ-दहा दिवस चाललं, रोज संध्याकाळी एलन की घेऊन दोन मिनिटं. शेवटी जिथं थांबलो तिथं पांढऱ्या पेनानं क्लॅम्पवर आणि पाइपावर मिळून एक रेघ मारून ठेवली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं हँडल सरकलं. हे रोज एकेक अंशाचं काम कोणता गॅरेजवाला करेल सांगा, आणि का करेल. माझे साडेसातशे हँडलला गेले खरे, पण मुंग्या थांबल्या त्या या एलन कीच्या दोन-दोन मिनिटांनी, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुंग्या एकदम गेल्या नाहीत. पहिल्या आठवड्यात फरक वाटला नाही, तिसऱ्या आठवड्यात चावी एकदाच पडली. आता दीड महिना होत आला, गेल्या पंधरा दिवसांत एकदाही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मूठ सैल धरायचीही सवय करतोय, सिग्नलला थांबलो की हात खाली सोडून बोटं हलवायची. सिमेंट रोडचे सांधे आहेत तसेच आहेत, टकटक येते, पण आता ती कोपराच्या वाकात जिरते, ताठ हातासारखी सरळ खांद्यात जात नाही. खापरीच्या पुढं वारा लागतो, तेवढा चालते. आरशात अर्धं माझंच कोपर दिसते, ते अजून जमवायचं आहे.

परवा बाबा गाडी घेऊन इतवारीत गेले होते, तूरडाळ आणायला. दोन तासांनी आले, पिशवी हँडलला अडकवलेली, गाडी लावली, घरात आले. मी वाटच पाहत होतो. विचारलं, कसं वाटलं हँडल?

म्हणाले, "बदललं का परत? मले तं काई वेगळं नाई वाटलं."